पुण्याचं पाणी जिथं साठतं

शुक्रवार

सोलापूर रस्त्याने पुण्याबाहेर पडलं की हडपसरपासून पुढे नदी डाव्या हाताला सोबत असते, फक्त रस्त्यावरून दिसत नाही. मुळा आणि मुठा संगमावर एक होतात, थेऊरवरून पुढे जातात आणि रांजणगाव सांडसला भीमेत मिळतात. त्याच्या वर तुळापूरला इंद्रायणी भीमेत आलेली असतेच. पवना दापोडीला मुळेत पडते. म्हणजे पुणे, पिंपरी-चिंचवड, देहू, आळंदी, सगळ्यांचं पाणी एकाच पात्रात. दौंडच्या खाली ते उजनी धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे धरणामागे साठलेल्या पाण्यात, शिरतं आणि तिथं थांबतं. आपण नळातून घेतो, मोरीतून सोडतो, ते शेवटी भिगवणला पोचतं. या फुगवट्यावर जाळं टाकून पोट भरणाऱ्या माणसांकडे जाऊन राहावं, त्यांचं ऐकावं, हे बरेच दिवस मनात होतं. रोहित पक्षी बघायला भिगवणला आम्ही आधी गेलो होतो. या फेरीत मासा आणि मच्छीमार बघायचे होते. धाकटा भाऊ बरोबर होता.

उजनी धरण आहे सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात. 1980 साली ते पूर्ण झालं. त्याचं पाणी मात्र मागे पसरलं ते पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर-दौंडमध्ये आणि पलीकडे करमाळा-कर्जतमध्ये. साठवण 117 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. पुण्याला पाणी देणारी पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला ही चारही धरणं मिळून 29 टीएमसीच्या आसपास भरतात, यावरून उजनीचा आवाका लक्षात यावा. उजनीतला सुमारे 63 टीएमसी मृतसाठा, म्हणजे वापराच्या हिशेबात न धरलेला. म्हणून उन्हाळ्यात पेपरात ‘उजनी उणे’ असं छापून येतं तेव्हाही धरणात पाणी असतं, आणि जाळीही पडत असतात.

भिगवणला दुपारी पोचलो. हायवेवर ओळीने मासळी थाळीच्या पाट्या. मासळी बाजार सकाळीच आटोपलेला, ओल्या फरशीवर बर्फाचा भुगा तेवढा होता. थांबलो नाही, थेट कुंभारगाव गाठलं. राहायची सोय एका मच्छीमाराच्या घरी केली होती. हिवाळ्यात पक्षी बघायला येणाऱ्यांसाठी त्यांनी मागच्या दोन खोल्या नीट करून घेतल्या आहेत. घरात दादा, वहिनी, कॉलेजला जाणारा मुलगा आणि दादांचे वडील.

संध्याकाळ आजोबांबरोबर गेली. भोई समाजातले, धरणाआधीची भीमा अंगाखांद्यावर खेळलेले. फुगवटा दाखवत ते म्हणाले, “हितं पाणी नव्हतं. नदी पार तिकडं, लांब. आमची चार पट्ट्या जमीन व्हती ती आत गेली.” पळसदेवचं जुनं देऊळही असंच आत गेलं. पाणी फार खाली गेलेल्या उन्हाळ्यात ते वर येतं आणि लोक बघायला गर्दी करतात. आजोबा एकदाच गेले होते. परत जायची इच्छा झाली नाही म्हणाले.

मी विचारलं, तेव्हा मासे कसे धरायचे?

“उन्हाळ्यात नदी आटायची. मासा डोहात गोळा व्हायचा. वाम, मरळ, शिंगटा, कोळशी. पर डोह समदा उपसायचा न्हाय, ह्यो नेम. निम्मा मासा ठिवायचा. पयल्या पावसाला त्योच चढतो, त्योच वीण घालतो. कुणी लिहून न्हाय दिलं. ज्यानं डोह कोरडा केला त्याच्या पंगतीला कुणी बसायचं न्हाय.”

हल्ली सभा-परिषदांमधून ‘शाश्वत मासेमारी’ असा शब्द ऐकू येतो. आजोबांनी तो ऐकलेला नाही. पण निम्मं ठेवायचं, हा हिशेब त्यांच्याकडे होता आणि तो मोडणाऱ्याला शिक्षाही होती. धरण झाल्यावर डोहच राहिले नाहीत. एवढं मोठं पाणी, चार तालुक्यांचा काठ, कितीतरी गावांची माणसं. कोण कुणाच्या पंगतीला बसणार नाही?

शनिवार

पहाटे अंधारातच दादांबरोबर होडीत बसलो. पत्र्याची होडी, दोन वल्ही. इंजिनाची होडी त्यांच्याकडे आहे, पण ती पाहुण्यांसाठी. जाळी उचलायला जाताना वल्हीच बरी, डिझेल वाचतं आणि जाळ्यात पंखा अडकत नाही. अंगात जॅकेट घालायला लावलं. मे 2024 मध्ये कळाशी आणि कुगावच्या मध्ये वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जण गेले, तेव्हापासून काठावरच्या घरांमधून जॅकेट दिसायला लागली आहेत. “पाणी समुद्रावानी न्हाय, पर वळवाचा वारा आला की समुद्रावानीच,” दादा म्हणाले.

आदल्या संध्याकाळी त्यांनी कांडाळ लावून ठेवली होती. नायलॉनची बारीक भिंतच ती, पाण्यात उभी. वरच्या दोरीला थर्माकोलचे तुकडे आणि रिकाम्या बाटल्या, खालच्या दोरीला वजन. कुणाची जाळी कुठली हे बाटलीच्या रंगावरून ओळखतात. दादांच्या पांढऱ्या, वर लाल चिंधी. दुसऱ्याच्या जाळीला हात लावायचा नाही, आणि आधी लागलेल्या जाळीला आडवी जाळी टाकायची नाही. हे दोन नियम अजून सगळे पाळतात.

जाळी वर येऊ लागली. पहिले पाच-सहा मासे चिलापीच होते. दादांनी एक चिलापी जाळ्यातून सोडवली आणि तिचं तोंड माझ्याकडे केलं. जबड्याच्या आत पिवळसर दाण्यांचा पुंजका, मोहरीपेक्षा थोडे मोठे दाणे. ती अंडी होती. चिलापीची मादी अंडी तोंडात धरते, पिल्लं बाहेर आली तरी काही दिवस धोका दिसला की ती परत आईच्या तोंडात शिरतात. जाळ्यात सापडली की घाबरून सगळं थुंकून टाकते. दादांनी मासोळी पाण्यात अलगद बुडवली आणि सोडून दिली. लगेच पुढच्या गाठीकडे वळले. भावाने विचारलं, रोज सोडता? “तोंड भरलेलं दिसलं तर सोडतो. समदी न्हाय सोडत. आमच्या आळीत मी अन् आजून दोघं-चौघं.”

चिलापीविषयी दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. ती इथली नाही. मूळची आफ्रिकेतली, भारतात 1952 साली आणली. वर्षातून अनेकदा विणते, पिल्लं तोंडात सांभाळते, काहीही खाते, घाण पाण्यात तगते. देशी मासळीची जागा तिने घेतली, असं माशांचे अभ्यासक सांगतात, आणि जाळ्यात काय येतं ते बघितलं की पटतं. कांडाळीतून निघालेल्या माशांत शिंगटा एक, वाम एकही नाही. मरळ तर दादांच्या मुलाने म्हणे बाजारातच जास्त बघितलेली. पण दादांना चिलापी परकी वाटत नाही. “ती हाय म्हणून चूल पेटती. आमचा पगार हाय तो. कटला-रोहू लॉटरी, चिलापी पगार.” यावर काय बोलणार? देशी मासा परत यायला हवा असं मला मनापासून वाटतं. पण तो परत यायच्या आधी या घराने काय खायचं, हेही त्याच वाक्यात सांगावं लागेल.

कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात वीण घालत नाहीत. त्यांना वाहतं, चढतं पाणी लागतं. म्हणून धरणात त्यांचं बीज सोडावं लागतं. आधी जिरे, मग थोडं वाढलेलं की बोटुकली. बीज किती आणि केव्हा सोडलं यावर पुढच्या दोन वर्षांचा बाजार ठरतो. दादांचं म्हणणं, बीज सोडतात ते ठीक, पण बोटुकली एवढं मोठं करून सोडा, आणि सोडल्यावर काही महिने त्या भागात जाळं पडू देऊ नका. “जिरं सोडलं तर चिलापीच खाती. आमच्याच पैशानं चिलापीला जेवण.”

जाळीच्या शेवटच्या टोकाला दादा थांबले आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. जाळ्यात काळपट, डाग-डाग असलेला एक मासा गुरफटला होता. याला इथं ‘सकर’ म्हणतात. खवल्यांऐवजी अंगभर हाडाच्या कडक पाट्या, पाठीवर आणि कल्ल्यांमागे काटे, तोंड खालच्या बाजूला चोखणाऱ्या चकतीसारखं. दक्षिण अमेरिकेतला मासा. काचेच्या टाकीतलं शेवाळ खायला म्हणून तो घरोघरी ठेवतात. हातभर वाढला की टाकीत मावत नाही, मग जवळच्या नदीत नाहीतर तळ्यात नेऊन सोडतात. तो इथवर आला तो अशाच वाटेने. शेवाळ आणि तळाचा गाळ खातो, काठात बिळं करून अंडी घालतो, बाजारात त्याला कुणी विचारत नाही. काटे जाळ्यात असे रुततात की ओढून निघत नाहीत. दादांनी खिशातून ब्लेड काढलं, जाळीची सात-आठ घरं कापली तेव्हा तो सुटला. मग तो होडीत तसाच पडू दिला. “ह्याला परत पाण्यात टाकायचा न्हाय. काठावर पुरायचा.” परतताना मी कापलेली जागा बघत होते. दुपारी वहिनी तिथंच गाठी मारत बसल्या होत्या. नवी जाळी घेणं सोपं नाही, आणि व्यापाऱ्याची उचल आधीच अंगावर आहे.

परतीच्या वाटेवर एका खाडीसारख्या भागात दोन होड्या आणि काठावर आठ-दहा पोरं दिसली, मोठं जाळं ओढत होती. दादांनी होडी लांबूनच वळवली. ते वडाप. या जाळ्याची आस, म्हणजे घराची रुंदी, इतकी बारीक की बोटुकलीसुद्धा सुटत नाही. त्याला बंदी आहे, अधूनमधून धाड पडते, जाळी जाळतात, होड्या जप्त होतात. थोडे दिवस थांबतं, परत सुरू होतं. बारीक मासा वाळवून जातो, कोंबडीखाद्याला जातो, असं दादा सांगत होते. रागावून नाही, थकून. ओढणारी पोरं पुष्कळदा बाहेरून आणलेली मजूर असतात. जाळं आणि पैसा भलत्याचाच. बंदीचा दंड बसतो तो मात्र ओढणाऱ्यालाच.

काठावर आल्यावर चहा घेता घेता मी दादांना थेट विचारलं, तुमच्या मते मासा कशाने कमी झाला? त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. वडाप. वाळूच्या बोटी, त्या तळ खरवडतात आणि मासा वीण कुठं घालणार? उन्हाळ्यात पाणी झपाट्याने खाली जातं. मग थोडं थांबून म्हणाले, “अन् तुमचं पुणं.”

मे महिन्यात इथलं पाणी हिरवंगार होऊन जातं, दाट, शेवाळी. जाळ्यावर चिकट थर बसतो. हाताला खाज सुटते. वहिनींनी मनगटं दाखवली, कोपरापर्यंत बारीक पुरळ. पाणी असं हिरवं होतं ते मैलापाण्यातल्या नत्र आणि स्फुरदाने, उसाच्या शेतातून वाहून येणाऱ्या खतांची त्यात भर. तरी मच्छीमारांना सगळ्यात भीती वाटते ती पहिल्या पावसाची. उन्हाळाभर पुण्याच्या नाल्यांमध्ये आणि नदीच्या तळाशी साचलेली घाण पहिल्या सरींमध्ये एकदम खाली येते. तिला कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. मासा वर येऊन तोंड वासतो, आणि पांढरी पोटं वर करून काठाला लागतो. आणि हेच ते दिवस, जेव्हा मासा वीण घालायला नदीत वर चढतो. चढणीचा मासा आणि शहराची घाण एकाच दिवशी एकाच वाटेने, समोरासमोर येतात. हे आजपर्यंत मला कुणी असं सांगितलं नव्हतं.

इथं माझं मत स्पष्ट लिहिते. या माणसांना शाश्वत मासेमारी शिकवायला जाण्याचा आपल्याला काही हक्क नाही. आस केवढी असावी, तोंड भरलेली मादी सोडावी, विणीच्या दिवसांत जाळं बंद ठेवावं, हे सगळं त्यांना ठाऊक आहे. काहीजण पाळतात, काहीजण पोटासाठी मोडतात, काहीजण लोभाने मोडतात. पण उद्या सगळ्यांनी सगळे नियम पाळले तरी वरून येणारं पाणी त्यांच्या हातात नाही. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणाची 990 कोटींची योजना 2016 साली जपानच्या कर्जावर ठरली, त्यात 11 नवी मैलाशुद्धीकरण केंद्रं होती. काम वर्षानुवर्षं रखडलं. पुण्यात नदीची चर्चा होते ती नदीकाठाच्या शोभेची, बागांची आणि पुलांची. कुंभारगावच्या वहिनींच्या मनगटांचं नाव त्या चर्चेत मी कधी ऐकलेलं नाही.

दुपारनंतर पक्षी बघायला आलेल्या कुटुंबाला घेऊन दादांचा मुलगा इंजिनाच्या होडीत गेला, आम्हीही बसलो. उथळ पाण्यात रोहितांचा मोठा थवा, चक्रवाक, चित्रबलाक, शेकाट्या, कुरव. हिवाळ्यातले हे तीन-चार महिने घराला हातभार लावतात. मुलाने थव्यापासून बऱ्याच अंतरावर इंजिन बंद केलं. होडीतल्या काकांनी अजून जवळ घ्या, उडताना फोटो पाहिजे असा आग्रह धरला. तो नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणाला, “काका, त्यांना दिवसात चार वेळा उडवलं तर ते उद्या पलीकडं करमाळ्याच्या बाजूला जातील. मग तुम्हाला कोण दाखवणार आणि आम्हाला कोण बोलावणार?” आजोबांचा निम्म्या डोहाचा नेम नातवाने रोहितांना लावला होता, असं मला वाटलं. घरी आल्यावर मी आजोबांना तसं सांगितलं. ते खूश झाले, पण लगेच म्हणाले, “पक्ष्यांवर घर चालत न्हाय. फेब्रुवारी सरला की ते जात्यात, आमी हितंच.”

रात्री ओट्यावर आळीतली पाच-सहा माणसं जमली. विषय निघाला बंदीच्या महिन्यांचा. समुद्रावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तशी कडक बंदी इथंही पाळावी, असं दोघांचं म्हणणं. तिसरे काका भडकले. बंद ठेवायला हरकत नाही, पण दोन महिने खायचं काय? उचल घेतली की व्यापारी म्हणेल त्या भावाला मासा द्यावा लागतो. बंदीच्या काळात घरटी काही रक्कम मिळाली तर वडापवाल्याला आम्हीच काठावरून हुसकावू. वहिनी दारातून म्हणाल्या, “रक्कम बायकांच्या नावावर द्या. तरच चुलीपर्यंत येईल.” यावर कुणी काही बोललं नाही. मला मात्र रात्रभरच्या चर्चेतली ही सगळ्यात कामाची सूचना वाटली.

रविवार

सकाळी भिगवणचा लिलाव बघितला. क्रेटमागून क्रेट, काटा, आडत्याचा चढा आवाज, दोन-तीन मिनिटांत सौदा. मोठा कटला आला की भोवती गर्दी, चिलापीचे ढीग शांतपणे पुढे सरकत. काही क्रेटमध्ये तळहाताहूनही लहान मासा होता. कुणी विचारत नव्हतं तो कुठून आला.

तिथून पळसदेवकडे गेलो. फेब्रुवारीत पाणी अजून बरंच वर, त्यामुळे देऊळ दिसलं नाही. पाणी मागे सरकलेल्या काठावर गाळपेर जमिनीत हरभरा उभा होता. कोरड्या पडलेल्या पाइपांना जोड देऊन शेतकरी मोटारी खाली सरकवत होते. याच पाण्यावर ऊस, याच पाण्यावर सोलापूर शहराचं पिणं, आणि मासाही याच पाण्यात. मच्छीमाराची पाळी या यादीत कायम शेवटी येते.

कुणाला जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी पक्ष्यांसाठी चांगला. कुंभारगाव आणि डिकसळ या दोन्ही बाजूंनी होडी मिळते. पैसे थेट होडीवाल्याच्या हातात द्या, आणि थव्याच्या जवळ न्यायचा हट्ट धरू नका. थाळी खाताना ताटात बोटाएवढे मासे आले तर हॉटेलवाल्याला जरूर विचारा, ही बोटुकली कुठल्या जाळ्यातली. घरी काचेच्या टाकीत सकर असेल तर नदीत सोडू नका.

निघताना दादांनी जूनमध्ये, चढणीच्या वेळी परत यायचं आमंत्रण दिलं. भाऊ येतो म्हणाला. मी येण्याआधी आमच्या भागातलं मैलापाणी कुठल्या केंद्रात जातं आणि बाहेर पडताना त्याची तपासणी काय सांगते, याची माहिती महापालिकेकडे अर्ज करून मागवणार आहे. कागद आले की घेऊन या, पण इंग्रजीत असले तर मराठी करून आणा, असं दादांनी सांगितलंय. ओट्यावरच्या सगळ्यांना ते वाचून दाखवायचे आहेत.